आठवा केक बरोबर आला त्याची हकीकत

तीर्थस्वरूप सौ. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तितकंच वाकून). तू बरी असशील. भावोजींचा गुडघाही बरा असेल, आणि नसेल तर त्यांना म्हणावं आमच्या डॉक्टरांकडे बघून समाधान माना. ते आमचे तीन जिने चढून वर येतात तेव्हा आधी त्यांनाच खुर्ची आणि पाणी द्यावं लागतं, पेशंटचा नंबर नंतर. तुझी साखर कशी आहे? विचारतो खरा, पण हे सगळं पत्र साखर, बटर आणि क्रीम यांचंच आहे, तेव्हा बेताबेतानं वाच. फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. फोनवर तू ‘आई कशी आहे’ विचारतेस, मी ‘आहे’ म्हणतो, आणि मग दोघं एकमेकांचा श्वास ऐकत बसतो. सहा वर्षांत तू या घराचा उंबरा चढली नाहीस. त्याचं कारण मी आज उकरून काढत नाही (निदान सहीच्या वर तरी नाही).

तर आई आहे. पण कमी होत चालली आहे. हे मी गळा काढून सांगत नाही, आकड्यानं सांगतो, कारण तेहतीस वर्षं वजनमाप खात्यात काढल्यावर माणसाला दुसऱ्या भाषेत रडता येत नाही. दोन महिन्यांपूर्वी त्रेचाळीस किलो. गेल्या महिन्याच्या शेवटी सदतीस किलो दोनशे. हे वजन दर शुक्रवारी नर्सबाई करतात, स्वतःचा काटा घेऊन येतात. तो काटा मी पहिल्याच दिवशी तपासला तर चारशे ग्रॅम कमी दाखवत होता. मी तो उघडून, स्प्रिंग साफ करून, प्रमाणित वजनं ठेवून बरोबर करून दिला. माझी समजूत अशी की कोणीही आभार मानले असते. नर्सबाई तेव्हापासून आमच्याकडे चहा घेत नाहीत.

डॉक्टरांनी सांगितलं की छत्तीसच्या खाली गेल्या तर घरी ठेवता येणार नाही, दवाखान्यात नेऊन नाकातून नळी घालावी लागेल. हे त्यांनी आईच्या समोरच सांगितलं, त्यांना वाटलं ती झोपली आहे. आईनं डोळे न उघडता विचारलं, त्या नळीतून जे जातं त्याला चव असते का. डॉक्टर म्हणाले, नाही. मग ते जेवण नव्हे, भराई आहे, असं म्हणून तिनं भिंतीकडे तोंड केलं आणि पुढचे चार दिवस ते परत वळवलं नाही. सूप नको, दुधातला पाव नको, अंडं नको. मी चमचा घेऊन पलंगाच्या कडेला बसायचो आणि ती ओठ मिटून घ्यायची, लहानपणी तू औषधाच्या वेळी मिटायचीस तसे. मला राग यायचा. ताई, मरत चाललेल्या माणसाचा राग येतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारी खालच्या रस्त्यावरून फळवाल्याची गाडी गेली. आईनं नाक हलवलं आणि विचारलं, स्ट्रॉबेरी आली का? मी गॅलरीतून बघून आली म्हटलं. मग शॉर्टकेक कर, म्हणाली. कर म्हणाली, आण नाही. मला फरक कळला नाही. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणला: स्पंजचा, वर लाल जेली, त्यावर क्रीमचं फूल. तिनं तो पलंगावर ठेवूसुद्धा दिला नाही. (तुला सांगायला नको. आपल्या आईनं एकोणतीस वर्षं बेकरीच्या भट्टीवर काढली, त्यातली अठरा मुख्य म्हणून, आणि स्पंजला ती केक मानत नाही. तिचा शॉर्टकेक जुना: मैद्यात थंड बटर चुरून केलेला, जाड, खुसखुशीत, भट्टीतून काढल्या काढल्या हातानं दोन भाग केलेला, मध्ये साखरेत मुरवलेली स्ट्रॉबेरी आणि वरून क्रीम. तुला माहीत असलेलंच तुला सांगतोय, पण त्याशिवाय मला पुढचं सुचत नाही.)

तेव्हा मी करायचं ठरवलं. ओव्हन तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी दिला. (त्या त्यात जुन्या पावत्या ठेवायच्या. पहिल्या दिवशी एक आत राहिली होती आणि घरभर धूर झाला, पण तो केकच्या खात्यात धरू नकोस.) आई पलंगावरून सांगायची, मी लिहून घ्यायचो. लिहून काय घेणार? दहा मुठी मैदा. बटरची एक वडी. एक पेला दूध. मीठ, बोटांना कळेल तितकं. मी विचारलं, बोटांना कसं कळतं? तर म्हणाली, तुझ्या नाही कळणार. ज्या माणसानं दुकानदारांना दोन ग्रॅमसाठी कोर्टात उभं केलं त्यानं ‘बोटांना कळेल तितकं’ असं वहीत लिहिलं आहे, ते पान मी कोणाला दाखवणार नाही. पण मीही हरणारा नव्हे. परातीत मैदा घेऊन पलंगावर नेला आणि तिच्याकडून तीन वेळा मूठ भरून घेतली. काट्यावर टाकली: एक्केचाळीस ग्रॅम, एक्केचाळीस ग्रॅम, एक्केचाळीस ग्रॅम. ताई, सरकारी शिक्का असलेली वजनं इतकी खरी नसतात. मी दहा मुठी म्हणजे चारशे दहा ग्रॅम असं लिहून खाली सही केली.

पहिला केक. बटर घट्ट होतं म्हणून मी ते वितळवून घातलं (सोयीचं पडलं) आणि मग पीठ जीव लावून वीस मिनिटं मळलं. जे बाहेर आलं ते पसरट होतं आणि चपलेचा तळवा म्हणून कुठेही चाललं असतं. मी ते फेकणारच होतो, पण आईनं बघू म्हटलं. तिनं कोपरावर जोर देऊन उठून बसायचा प्रयत्न केला, मी मागे उशी लावली. एक घास घेतला, हळूहळू चावला. मग बोलायला लागली. बटर वितळवलंस. मळलंस. मळायला कोणी सांगितलं होतं? ओव्हन आधी तापवला नाहीस. पीठ सैल आहे, पसरलाय बघ. मग खात्री करायला दुसरा घास घेतला, आणि खालची बाजू कशी आहे ते बघायला तिसरा. चार दिवसांत पोटात गेलेलं ते पहिलं अन्न. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून थोडा वेळ उभा राहिलो.

मग मी दिवसाआड केक करायला लागलो. दुसऱ्यात बेकिंग पावडरच्या जागी खायचा सोडा पडला. (दोन्ही डबे पांढरे, दोन्हींवरची चिठ्ठी माझ्याच हातची, आणि दोन्ही चिठ्ठ्या मीच उलट लावलेल्या.) आई म्हणाली साबण चांगला झालाय, आणि साबण खरंच किती आहे ते बघायला अर्धा तुकडा संपवला. तिसऱ्याला क्रीम इतकं घुसळलं की त्याचं लोणी झालं आणि ताक वेगळं सुटलं. तिनं ते लोणीच केकला लावून खाल्लं आणि म्हणाली, यापेक्षा तू गवळ्याकडे नोकरी धरायला हवी होतीस. चौथ्याला मी गोठवलेली स्ट्रॉबेरी आणली, कारण फळवाल्याचा तराजू बघून मला त्याच्याशी बोलावंसं वाटेना. त्या दिवशीचं तिचं बोलणं तराजूवर, माझ्यावर, माझ्या खात्यावर आणि आपल्या कैलासवासी वडिलांच्या हट्टी स्वभावावर मिळून वीस मिनिटं चाललं आणि बोलता बोलता बशी रिकामी झाली. पाचव्या आणि सहाव्याबद्दल मी बोलणार नाही. सातव्याबद्दल शिंपीणबाई बोलतात, त्यांना विचार.

प्रत्येक वेळी एक तक्रार कायम असायची: पीठ सैल, केक पसरला. मी चारशे दहा ग्रॅम मोजून घेतलेले, त्यामुळे मी म्हणायचो माप बरोबर आहे, आणि ती म्हणायची माप बरोबर असेल, केक चूक आहे. आमची कडाक्याची भांडणं व्हायची. तिच्या गालावर रंग आला होता. शुक्रवारी वजन सदतीस किलो सहाशे भरलं, पुढच्या शुक्रवारी अडतीस किलो शंभर. नर्सबाईंनी काटा दोनदा झटकून बघितला. डॉक्टर म्हणाले जे काय चाललंय ते चालू ठेवा. मला वाटलं बटर आणि क्रीमचा गुण आहे. मी गाढव आहे, ताई, पण त्या आठवड्यात मी सुखी गाढव होतो.

त्या सोमवारी कपाटात मला माझी उमेदवारीच्या वर्षाची वही सापडली. तुला आठवत असेल, नोकरीच्या पहिल्या वर्षी मी खात्याचा छोटा तराजू सरावासाठी घरी आणायचो आणि घरात दिसेल ते तोलायचो: तुझ्या वेणीची रिबन, बाबांचा चष्मा, साबणाची वडी. त्यात एका पानावर लिहिलंय, ‘आईची मूठ, मैदा, तीन वेळा: एकसष्ट, एकसष्ट, एकसष्ट.’ मी ते पान किती वेळ बघत होतो मला माहीत नाही. तिचं माप अजून तेच होतं, दहा मुठी. हातच लहान झाला होता. प्रत्येक मुठीत वीस ग्रॅम आई कमी झाली होती, आणि ज्या माणसाला बाजारातले लोक काटा म्हणायचे त्याच्या ते लक्षात आलं नाही. मी खूप रडलो, आणि मग, स्वभावाला औषध नाही, वहीत दुरुस्ती केली: सहाशे दहा ग्रॅम.

मंगळवारी आठवा केक केला. तो बरोबर आला.

बरोबर म्हणजे काय ते तुला कळेल, तू तसे केक लहानपणी बेकरीच्या काचेआड बघितले आहेस. उंच, कडेला भेगाळलेला, वर सोनेरी. हातानं उघडल्यावर आतून वाफ निघाली. स्ट्रॉबेरीचा रस निम्म्यापर्यंतच मुरला. मी तो चांगल्या ताटलीत ठेवून छाती काढून नेला. आईनं तो बराच वेळ पाहिला. बोटानं खालून टिचकी मारून ऐकलं. वास घेतला. मी चमचा पुढे केला, तो तिनं घेतला नाही.

“बरोबर आलाय,” ती म्हणाली. “ने.”

मी म्हटलं, ने म्हणजे काय, खा. तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी आज कामाला लागलो आहे.

“बरोबर आलेला माल आपण खायचा नसतो रे. तो गिऱ्हाइकाचा. बिघडलेला आपला.”

आणि उशी काढायला सांगून आडवी झाली. तिला भ्रम वगैरे झालेला नाही, तारीख वार सगळं सांगते. ही त्यांच्या भट्टीवरची रीत होती: फुटलेलं, करपलेलं, बसलेलं काय ते कामगारांनी खायचं आणि घरी न्यायचं, नीट आलेल्याला हात लावायचा नाही. एकोणतीस वर्षं तिनं तेच केलं. आपण दोघांनी तरी अख्खा गोल केक घरात कधी पाहिला? कडा तुटलेल्या केकवरच आपण वाढलो आणि मला वाटायचं ती गरिबी आहे. म्हणजे हे दोन आठवडे ती माझ्या चुका खाऊन जगत होती, आणि मी मेहनत करून, जुनी वही शोधून, त्या बंद केल्या. केक शिंपीणबाईंना दिला. त्यांनी फार वाखाणला.

बुधवारी तिनं काही खाल्लं नाही. गुरुवारी मी नववा केक केला आणि, कोणाला सांगू नकोस, मुद्दाम बिघडवला. बटर वितळवलं, सोडा टाकला, वर दोन चमचे मीठ जास्त. तोंडावर निष्पाप भाव ठेवून नेला. तिनं अर्धा घास घेतला, थांबली, आणि माझ्याकडे बघितलं. तेहतीस वर्षांत तराजूखाली मेण चिकटवणारे, पोकळ वजनं वापरणारे मी शेकड्यांनी पकडले. पकडला गेलेला माणूस कसा दिसतो मला माहीत आहे. कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं.

“ही चूक नाही,” ती म्हणाली. “ही लबाडी आहे.” तोंडातला घास रुमालात काढला आणि भिंतीकडे वळली.

काल शुक्रवारी छत्तीस किलो नऊशे. नर्सबाईंनी चहा घेतला, त्यावरून काय ते समज. डॉक्टरांनी पुढच्या शुक्रवारपर्यंत वाट बघतो म्हटलंय. मला आता काहीच येईनासं झालंय, ताई. खरा केक केला तर ती खात नाही, आणि एकदा बरोबर जमल्यावर मला प्रामाणिकपणे चुकता येत नाही, हात आपोआप एकसष्टचीच मूठ भरतो. मला भीती वाटते. ती गेली तर वाईट वाटेल याची नाही, ते ठरलेलंच आहे. ती नाकात नळी घालून, रागावून, भिंतीकडे तोंड करून जाईल याची.

असो. तू काळजी करू नकोस. इकडे बाकी सर्व ठीक आहे. जिन्यातला दिवा बदलला. भावोजींना माझा नमस्कार सांग.

तुझा,
काटा

ता.क. काळजी कर. पत्र लिहिण्याचं खरं कारण असं. सहा वर्षांपूर्वी आई तुझ्याकडे महिनाभर राहायला आली होती, तू तिच्यासाठी हाच केक केलास, आणि तिनं तुझ्या शेजारणींसमोर त्यातल्या अकरा चुका मोजून दाखवल्या. यापुढे माझ्या हातचं तुला मिळणार नाही, असं तू म्हणालीस, आणि ती संध्याकाळच्या गाडीनं परत आली. मी तेव्हा कोणाचीच बाजू घेतली नाही (आईची घेतली). पण परवा मला एक गोष्ट आठवली, जी भावोजींनीच नंतर सांगितली होती. तिनं त्या दिवशी तीन तुकडे खाल्ले. अकरा चुका काढायला एका तुकड्यानं भागलं असतं. शेजारणींना तिनं काय सांगितलं ते तू ऐकलंस, ते लागणारच, मला लागलं असतं तर मीही पुन्हा आईकडे गेलो नसतो. पण ती तुझ्या घरची पाहुणी म्हणून नाही, घरातली म्हणून खात होती. आता स्पष्टच लिहितो, मग तू मला चार शिव्या दे: ताई, तुझ्यासारखा वाईट केक मी आयुष्यात खाल्लेला नाही. तू जीव ओतून करतेस, कष्ट घेतेस, आणि तरी तो दर वेळी नव्या तऱ्हेनं बिघडतो. त्यात लबाडी नाही. इथे नेमकं तेच हवं आहे, आणि ते या जगात तुझ्याशिवाय कोणाकडे नाही. ये.

ता.क. २. तिथं सराव करू नकोस. कोणाला विचारू नकोस, छापील कृती वाचू नकोस. सहाशे दहा ग्रॅम वगैरे मी वर लिहिलं आहे ते विसर. चांगला करायचाच म्हणून कर, मनापासून. ती बदललेली नाही, आल्या आल्या तुझ्या चुका काढेल, आणि तू चिडशील. चिड. मीही स्वयंपाकघरात उभा राहून ऐकेन. दिवसभर चालू दे म्हणून मी नवस बोलायच्या बेतात आहे. बुधवारपर्यंत पोचलीस तर शुक्रवारच्या आत दोन केक होतात.

ता.क. ३. हे पाकिटाच्या मागे लिहितोय, आत जागा नाही. पाकीट चिकटवताना आईनं विचारलं कोणाला. ताईला, म्हटलं. तिनं डोळे मिटले, मला वाटलं झोप लागली. मग विचारलं, काय लिहिलंस? मी म्हटलं, ये म्हणून. कशाला? केक करायला. तिला येत नाही, ती म्हणाली. मी म्हटलं, म्हणूनच. ताई, ती हसली. खोकला येईपर्यंत हसली, मी पाठ चोळली, पाठीत हाताला नुसती हाडं लागतात. मग म्हणाली पत्राला किती दिवस लागतात? दोन, म्हटलं.

“मग तू इथं काय बसलायस? ती पोचणार कधी, मी गेल्यावर? जा, टाकून ये.”

चाललो. पेटी पाचला उघडतात.